बर्फावरच्या खेळांचे फोटो काढताना एक्स्पोजर कसे ठरवावे

एक्स्पोजर म्हणजे फोटोसाठी किती उजेड आत घ्यायचा ते. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला बर्फ पांढरा असतो हे ठाऊक नसते. समोरचे सगळे मध्यम करडे असणार असे धरून तो मोजतो. म्हणून ऑटोवर काढलेल्या फोटोत बर्फ मळकट आणि स्कीअरचा चेहरा काळवंडलेला दिसतो.

आधी मोड मॅन्युअल करा. स्कीअर गर्द झाडांसमोरून मोकळ्या बर्फावर आला की ऑटो लगेच आकडे बदलतो. त्याच्या अंगावरचे ऊन मात्र तेच असते.

मग शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडे राहणार ते, ठरवा. वेगात उतरणाऱ्याला गोठवायला १/१००० सेकंद, उडी किंवा उडणारे बर्फाचे तुषार टिपायचे तर १/२०००. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/५.६ ते एफ/८ पुरते (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान).

आता मुख्य काम. मीटरिंग स्पॉटवर घ्या, म्हणजे मीटर चौकटीतला छोटासा भागच मोजेल, आणि खेळाडू जिथून जाणार आहे तिथल्या उन्हातल्या बर्फावर रोखा. मीटरचा काटा मधोमध, शून्यावर, आणू नका. शून्याच्या वर दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) येईपर्यंत आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवा. लख्ख उन्हात आयएसओ २००, एफ/५.६, १/२००० यांच्या आसपास पोहोचाल. मॅन्युअल नको असेल तर ऑटोचा उजेड कमीजास्त करणारे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ पासून सुरू करा, पण चौकटीत झाडे किती, बर्फ किती यावर ते सतत बदलावे लागते. मला तो व्याप वाटतो.

खेळ सुरू होण्याआधी एक फोटो काढून हिस्टोग्राम पाहा; हा फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे. बर्फाचा ढीग उजवीकडे हवा, पण कडेला चिकटलेला नको. चिकटला तर एक तृतीयांश स्टॉप कमी करा, कारण जळालेल्या, म्हणजे निव्वळ पांढऱ्या झालेल्या, बर्फाचा पोत रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) परत येत नाही. नुसत्या स्क्रीनवर विसंबू नका. बर्फाच्या झगमगाटात चांगला फोटोही अंधारा वाटतो.

ढग आले, ऊन सरकले की पुन्हा मोजा. ढगाळ दिवशी आयएसओ ८०० पर्यंत खुशाल न्या. शटर मंद करून धूसर फोटो घेण्यापेक्षा आयएसओ वाढवल्याने फोटोत येणारे थोडे दाणे परवडले.

मुद्दाम पॅनिंग करायचे असेल, म्हणजे खेळाडूबरोबर कॅमेरा फिरवून मागचे दृश्य धूसर करायचे असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा १/६० वर या, आयएसओ १०० करा, ॲपर्चर एफ/१६ च्या पुढे न्या. तरीही उजेड जास्तच होत असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच, लेन्सवर लावा.