डाळ-भाज्यांचं दाट सूप: टोमॅटो कुकरमध्ये नको

चौघांसाठी अर्धी वाटी मसूर आणि पाव वाटी मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. कुकरमध्ये डाळ, एक वाटी दुधीच्या फोडी, एक गाजर, चिमूटभर हळद, चमचाभर तेल आणि तीन वाट्या पाणी घाला. तेलामुळे फेस कमी येतो आणि शिट्टीतून डाळीचं पाणी उडत नाही. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या पुरेत.

टोमॅटो किंवा चुका मात्र डाळीसोबत शिजवू नका. आंबटपणामुळे डाळीचं साल आणि गर मऊ व्हायला वेळ लागतो, दाणा कणीदार राहतो. बोअरचं जड पाणी वापरलं तरी हेच होतं, त्यातल्या कॅल्शियममुळे. सोलापुरात बऱ्याच घरी बोअरचंच पाणी असतं. डाळ भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं घ्या, फरक लगेच कळतो.

दुसऱ्या पातेल्यात चमचाभर तुपात जिरं, चार ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि दोन चिरलेले टोमॅटो कडेला तूप सुटेपर्यंत परता. डाळ रवीने घोटून त्यात ओता, दोन वाट्या गरम पाणी आणि मीठ घालून पाच मिनिटं उकळा. मिक्सर नको, सूप चिकट होतं. मूठभर चिरलेला पालक शेवटच्या मिनिटाला, म्हणजे हिरवा राहतो.

वाढताना वर ज्वारीची कडक भाकरी चुरा. ब्रेडच्या तळलेल्या तुकड्यांपेक्षा ही कितीतरी सरस. आधी चुरून ठेवलीत तर लगदा होईल. पहिला घास कुरकुरीतच लागायला हवा.