पीओपी बंद व्हायच्या आधी: घरभर गाणी ऐकायची असतील तर वायरिंगची तयारी

सीलिंग स्पीकर लावायचे ठरवलेत ना, मग पीओपीवाल्याला तारीख द्यायच्या आधी हे वाचा, कारण एकदा जिप्समचा बोर्ड चढला की वर काय करून ठेवलंय ते कुणाला दिसत नाही. आमच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये बेडरूमची वायर कमी पडली म्हणून वायरमनने सीलिंगच्या वरच जोड मारला, नुसती टेप गुंडाळून, दोन पावसाळे गेले आणि एका बाजूचा आवाजच येईना, शेवटी रंगवलेलं सीलिंग कापावं लागलं. त्यामुळे मधे जोड नाही म्हणजे नाही, अख्खी वायर एकसंध.

आधी कागदावर खोल्या मांडा, कुठे किती स्पीकर आणि ॲम्प्लिफायरचा (ॲम्पचा) कुठला चॅनेल, म्हणजे आवाजाची कुठली वेगळी लाइन. बारा चॅनेलचा ॲम्प म्हणजे सहा खोल्यांना स्टिरिओ, खोलीला लेफ्ट-राइट असे दोन. पॅसेज किंवा बाथरूममध्ये एकच स्पीकर बसणार असेल तर डबल व्हॉइस कॉइलचा घ्या, त्याला लेफ्ट-राइट दोन्ही जातात म्हणून चार कोअरची, म्हणजे आत चार तारा असलेली वायर टाका, आणि बाथरूमचा ओलाव्यात टिकणाराच घ्या. हॉल मोठा म्हणून एका चॅनेलवर आठ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडलेत की ॲम्पला ते चार ओहम पडतात, आणि ओहम कमी म्हणजे ॲम्पवर ताण जास्त, त्याला चार ओहम चालतात का हे मॅन्युअलमध्ये बघा. चॅनेल ब्रिज करणार असाल, म्हणजे दोन चॅनेल मिळून एक करणार असाल, तर बहुतेक ॲम्पना कमीत कमी आठ ओहम लागतात, तिथे हा प्रकार नको.

वायर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल, पण शुद्ध तांब्याचीच मागा. स्वस्तातल्या वायरमध्ये आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो, एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर घेऊ नका. 16 गेजची वायर 15 मीटर गेली तर जाऊन-येऊन 30 मीटर तांबं होतं, म्हणजे साधारण 0.4 ओहम, आठ ओहमच्या स्पीकरला ते चालून जातं, चार ओहमचा लोड असेल तर 14 गेज, म्हणजे आणखी जाड वायर घ्या. माप घेताना भिंतीवरची चढ, बीमला घातलेला वळसा सगळं मोजा, वर दोन्ही टोकांना दोन-तीन फूट जास्त. आणि बीमला भोक पाडायचं नाही, कितीही जवळचा रस्ता वाटला तरी.

लाइटच्या 230 व्होल्टच्या पाइपात स्पीकरची वायर अजिबात घालू नका, वेगळा पाइप टाका, शेजारून जात असेल तर फूटभर लांब, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

स्पीकर सीलिंगच्या वर किती इंच जातो ते आणि स्लॅबखालची जागा टेपने मोजा, आपल्याकडे सीलिंग जेमतेम चार-सहा इंच उतरवतात आणि त्यातच एसीचा ड्रेन पाइप असतो. वरच्या मजल्याच्या बाथरूमखाली स्लॅबला ओल असेल तर आधी ते काम करून घ्या, मग स्पीकर.

ॲम्प बंद माळ्यावर कोंबू नका, तापतो, हवा खेळती हवी आणि सॉकेटला नीट अर्थिंग हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बोर्ड चढायच्या आदल्या दिवशीचं. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना खोलीचं नाव लिहा. खोलीकडच्या टोकाला स्पीकर तात्पुरता जोडा, ॲम्पकडचं टोक सुटं ठेवून तिथून मल्टीमीटर ओहमवर लावा, आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा दाखवतो, शून्याच्या जवळ आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे, आकडाच आला नाही (OL किंवा नुसता 1 दिसला) तर तार तुटलीय. त्याच टोकाला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लस प्लसला लागलं असेल तर स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, बाहेर येतो. वेगवेगळ्या चॅनेलच्या मायनस तारा एकत्र करू नका, काही ॲम्प त्याने जळतात. मग टेप धरून सीलिंगचे फोटो काढा, भिंतीपासूनचं माप दिसेल असे. रंगारी गेल्यावर हेच मल्टीमीटरचं काम पुन्हा एकदा, आणि त्यानंतरच ॲम्प लावा, एकेक खोली, आवाज अगदी कमी ठेवून.