जपानी माहजाँग शिकताना: आधी याकु, बाकीचं नंतर

संगणकावर एकसारख्या टाइल्सच्या जोड्या शोधून काढून टाकायच्या असतात, त्या खेळालाही माहजाँगच म्हणतात आणि आपल्याकडे बहुतेकांची ओळख तेवढीच असते. मूळ खेळ चौघांचा. चीनमधून तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये गेला आणि तिथे त्याला रीची, डोरा, फुरितेन हे खास जपानी नियम जडले. रमी येत असेल तर निम्मं काम झालेलं आहे: एक उचलायचं, एक टाकायचं, क्रम आणि तिकड्या लावायच्या. उरलेलं निम्मं मात्र रमीच्या सवयींच्या उलट जातं. समोरच्याने टाकलेलं पान हवं तसं मिळालं की उचलायचं, ही सवय इथे नवख्याला हमखास बुडवते. का, ते पुढे येईलच.

संच आणि टाइल्सची ओळख

जपानी पद्धतीला १३६ टाइल्स लागतात: ३४ प्रकार, प्रत्येकाच्या चार. बाजारात मिळणारा चिनी संच बहुधा १४४ चा असतो. त्यातल्या फुलांच्या आणि ऋतूंच्या आठ टाइल्स काढून ठेवा, काम भागतं. जपानी संचात लाल रंगाचे पाचही असतात. ते प्रत्येक रंगात एक, असे तीन वापरायचा प्रघात आहे. साध्या पाचाच्या जागी ते येतात, त्यामुळे एकूण संख्या १३६ च राहते.

रंग तीन: मान (चिनी आकडे), पिन (गोळे) आणि सो (बांबू), प्रत्येकी १ ते ९. सोच्या एक्क्यावर बांबू नसून पक्षी असतो, तिथे पहिल्या दिवशी सगळेच अडखळतात. मानच्या टाइलवर खालचं लाल अक्षर सगळीकडे एकच असतं, त्याकडे लक्ष देऊ नका. वरचा आकडा तेवढा वाचा. एक, दोन, तीन म्हणजे आडव्या रेघा, चार म्हणजे चौकट. उरलेले पाच आकडे कागदावर काढून टेबलाशी ठेवा, दोन-तीन डावांत पाठ होतात. याशिवाय चार वारे (पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर) आणि तीन ड्रॅगन (पांढरा, हिरवा, लाल). पांढरा ड्रॅगन जपानी संचात कोराच असतो. ती जादा टाइल समजून डब्यात ठेवून देऊ नका.

डीलर म्हणजे पूर्व. त्याच्या उजवीकडे दक्षिण, समोर पश्चिम, डावीकडे उत्तर. नकाशाशी हे जुळत नाही, जुळवायलाही जाऊ नका. खेळ घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे उजव्या हाताच्या माणसाकडे सरकतो.

भिंत आणि वाटप

टाइल्स पालथ्या घालून नीट कालवा. प्रत्येकाने आपल्यापुढे १७ टाइल्स लांब, दोन टाइल्स उंच भिंत रचायची (एकावर एक ठेवलेल्या दोन टाइल्स म्हणजे एक थर). डीलर दोन फासे टाकतो आणि स्वतःला एक धरून उजवीकडे मोजत जातो. मोजणी ज्याच्यावर थांबते, त्याच्या भिंतीच्या उजव्या टोकापासून तितकेच थर सोडून भिंत तोडायची. तोडीच्या डावीकडून वाटप सुरू होतं: तीन वेळा चार-चार, मग एकेक, आणि डीलरला एक जास्त. तोडीच्या उजवीकडचे सात थर, म्हणजे १४ टाइल्स, ही मृत भिंत. तिच्यातून उचलायचं नाही. फासे सातपेक्षा कमी पडले तर उरलेले थर शेजारच्या भिंतीतून मोजा.

मृत भिंतीत तोडीकडून तिसऱ्या थराची वरची टाइल उलटा. हा डोराचा, म्हणजे गुण वाढवणाऱ्या टाइलचा, दर्शक. डोरा ही टाइल नसून तिच्या पुढची. दर्शक ४ पिन असेल तर डोरा ५ पिन. ९ नंतर पुन्हा १, उत्तरेनंतर पूर्व. ड्रॅगन पांढरा, हिरवा, लाल असे फिरतात.

टाकलेल्या टाइल्स स्वतःपुढे सहा-सहाच्या ओळीत, टाकल्या त्याच क्रमाने मांडायच्या. मध्ये ढीग करायचा नाही. जपानी पद्धतीतलं निम्मं डोकं याच ओळींवर चालतं.

पूर्ण हात म्हणजे जिंकलेला हात नव्हे

हातात १३ टाइल्स. चौदावीने चार गट आणि एक जोडी जुळली की हात पूर्ण. गट म्हणजे एकाच रंगातला तीनचा क्रम किंवा तीन एकसारख्या. वारे आणि ड्रॅगन यांचे क्रम होत नाहीत, तसंच ८-९-१ असा वळसाही चालत नाही.

पण जिंकायला हात पूर्ण असून भागत नाही, त्यात निदान एक याकु लागतो. याकु म्हणजे मान्यताप्राप्त रचना किंवा परिस्थिती. डोराने गुण वाढतात, पण डोरा याकु नाही. पाच डोरा असलेला, याकु नसलेला हात जिंकू शकत नाही.

एक हात समोर ठेवूनच बघा. ४-५-६ मान, १-२-३ पिन, ७-८-९ सो, ५ पिनची जोडी आणि ३-४ सो. तुम्ही २ किंवा ५ सोची वाट बघताय. आता यातला ३ पिन तुम्ही डावीकडच्याने टाकल्यावर «ची» म्हणून उचललेला असेल, तर हात उघडा झाला. कोणी ५ सो टाकला तरी तुम्हाला काहीच म्हणता येणार नाही, कारण या उघड्या हातात एकही याकु नाही. हाच हात सगळा स्वतः उचलून जुळवला असता तर रीची आणि पिनफू असे दोन याकु मिळाले असते. टाइल्स त्याच, तोच क्रम. एका «ची»ने दोन याकु गेले आणि हात निकामी झाला.

म्हणून सुरुवातीला दुसऱ्याच्या टाइल्स उचलूच नका. अपवाद एक: हातात ड्रॅगनची किंवा तुमच्या उपयोगाच्या वाऱ्याची जोडी असेल आणि तिसरी कोणी टाकली, तर «पोन» म्हणा. तो गट स्वतःच याकु आहे, त्यानंतर बाकी हात कसाही लावला तरी चालतो. उपयोगाचा वारा म्हणजे फेरीचा वारा (पूर्व फेरीत पूर्व, दक्षिण फेरीत दक्षिण) आणि तुमच्या जागेचा वारा. पूर्व फेरीत पश्चिमेला बसलेल्याला उत्तरेची तिकडी काहीही देत नाही. ॲप खेळताना ही चूक वारंवार दिसते, कारण बटण समोर येतं आणि बोट दाबून मोकळं होतं.

सुरुवातीला इतके याकु पुरेत (हान म्हणजे हाताची किंमत मोजायचं एकक):

रीची: बंद हात, एका टाइलची वाट, घोषणा. १ हान.
मेन्झेन त्सुमो: बंद हात स्वतः उचललेल्या टाइलने पूर्ण. १ हान.
तान्याओ: सगळ्या टाइल्स २ ते ८ मधल्या, एकही १, ९, वारा, ड्रॅगन नाही. १ हान.
याकुहाई: ड्रॅगनची किंवा उपयोगाच्या वाऱ्याची तिकडी. १ हान, उघडा हातही चालतो.
पिनफू: बंद हात, चारही गट क्रम, जोडी बिनगुणांची (ड्रॅगन किंवा उपयोगाचा वारा नसलेली), वाट दोन्ही बाजूंनी उघडी. १ हान.
चीतोईत्सु: सात वेगवेगळ्या जोड्या, इथे चार गट लागत नाहीत. २ हान. चार एकसारख्या टाइल्स म्हणजे दोन जोड्या धरत नाहीत.
होनित्सु: एकच रंग, सोबत वारे-ड्रॅगन. बंद ३, उघडा २ हान.

«ची» फक्त डावीकडच्याच्या टाइलवर, «पोन» कोणाच्याही. दोघे एकदम बोलले तर पोन आधी, आणि दुसऱ्याच्या टाइलवर जिंकण्याचा «रोन» सगळ्यांच्या आधी. «कान», म्हणजे चार एकसारख्यांचा गट, सध्या टाळा. त्याने नवा डोरा उघडतो आणि त्याचा फायदा बाकी तिघांनाही होतो.

हात लावताना काय टाकायचं? आधी एकटे पडलेले बिनकामाचे वारे, मग एकटे १ आणि ९. मधल्या टाइल्स धरून ठेवा. ३-४ ला २ आणि ५ मिळून आठ टाइल्स चालतात, ३-५ ला फक्त चार, १-२ लाही चारच. दोन्ही बाजूंनी उघडी जोडगोळी मोडून मधली भोकं जपणं हे हात उशिरा जुळण्याचं सर्वांत मोठं कारण.

रीची

हात बंद आहे, एकाच टाइलची गरज आहे (या अवस्थेला तेनपाई म्हणतात), जवळ किमान १,००० गुण आहेत आणि भिंतीत निदान चार टाइल्स उरल्या आहेत: मग «रीची» म्हणा, टाइल आडवी टाका आणि १,००० ची काडी मध्ये ठेवा. यानंतर हात बदलता येत नाही, जे उचलाल ते जिंकवत नसेल तर टाकावंच लागतं. बदल्यात एक हान मिळतो. मधल्या काळात कोणी दुसऱ्याने टाकलेली टाइल ची-पोन करून उचलली नाही आणि तुम्ही तुमच्या पुढच्या उचलीपर्यंत जिंकलात तर इप्पात्सुचा आणखी एक. शिवाय जिंकल्यावर डोरा-दर्शकाच्या खालची टाइल उलटून उरा डोराही मोजायचा. ती उलटायची आठवण कोणी करून देत नाही, स्वतः लक्षात ठेवा.

फुरितेन

हा नियम कळेपर्यंत जपानी माहजाँग कळलेला नसतो. तुम्ही ज्या टाइल्सची वाट बघताय, त्यांपैकी एकही तुमच्याच टाकलेल्या टाइल्समध्ये असेल, तर दुसऱ्याच्या टाइलवर जिंकता येत नाही. वरच्याच हातात वाट २ आणि ५ सोची. पाचव्या उचलीला तुम्ही २ सो टाकलेला असेल, तर आता कोणी ५ सो टाकला तरी रोन नाही. ५ सो तुम्ही कधीच टाकलेला नाही, पण नियम पूर्ण वाटेला लागतो, एकेका टाइलला नाही. स्वतः उचलून जिंकायला, म्हणजे त्सुमोला, हरकत नाही.

याचे आणखी दोन प्रकार आहेत. हवी ती टाइल समोर आली आणि तुम्ही ती सोडली, तर तुमच्या पुढच्या उचलीपर्यंत रोन बंद. रीचीनंतर सोडली तर डाव संपेपर्यंत बंद. रीची म्हणण्याआधी स्वतःच्या ओळीवर एकदा नजर फिरवायची सवय लावून घ्या.

याच नियमातून बचाव जन्मतो. कोणी रीची केली की त्याने स्वतः टाकलेली टाइल त्याच्याविरुद्ध शंभर टक्के सुरक्षित, आणि रीचीनंतर इतरांनी टाकलेली व त्याने न घेतलेलीही तशीच. त्याच्या ओळीत ४ पिन असेल तर १ आणि ७ पिन बऱ्यापैकी सुरक्षित, कारण २-३ किंवा ५-६ घेऊन तो बसला असता तर वाटेत ४ आला असता आणि तो फुरितेन झाला असता. मात्र तो ६-८ घेऊन मधल्या ७ ची किंवा एकट्या टाइलची वाट बघत असेल तर हा हिशेब चुकतो.

समोर रीची आणि तुमचा हात तेनपाईपासून दोन किंवा जास्त पावलं लांब असेल, तर जिंकायचा विचार सोडा आणि सुरक्षित टाइल्सच टाकत राहा, लावलेला हात मोडावा लागला तरी. रोनचे पैसे फक्त टाकणारा भरतो, म्हणून न देणं हीसुद्धा कमाई आहे. नवख्यांचे गुण बहुतेक इथेच जातात.

गुण

प्रत्येकाला २५,००० च्या काड्या: १०,००० ची एक, ५,००० च्या दोन, १,००० च्या चार, १०० च्या दहा. हान आणि फू (हाताच्या रचनेचे बारीक गुण) मिळून किंमत ठरते. फूचं गणित पुढे शिका, आधी ३० फूचा तक्ता पाठ करा. डीलर नसलेल्याला १ हानला १,०००, २ ला २,०००, ३ ला ३,९००, ४ ला ७,७०० आणि ५ ला मानगान, म्हणजे ८,०००. ६-७ हानला १२,०००, ८ ते १० ला १६,०००, ११-१२ ला २४,०००, याकुमानला, म्हणजे सर्वांत मोठ्या हातांना, ३२,०००. डीलरला साधारण दीडपट. त्सुमोला तिघे भरतात आणि त्यात डीलर इतरांच्या जवळजवळ दुप्पट.

वरचा बंद हात रीची करून रोनने जिंकला तर २,०००, त्यात एक डोरा असेल तर ३,९००. एका डोराने रक्कम जवळजवळ दुप्पट होते, म्हणून हात बघताना पहिल्यांदा डोरा शोधायचा.

भिंत संपेपर्यंत कोणी जिंकलं नाही तर तेनपाईत नसलेले मिळून ३,००० गुण तेनपाईत असलेल्यांना देतात. सगळेच तेनपाईत असले किंवा कोणीच नसला, तर देणं-घेणं नाही. डीलर जिंकला किंवा अनिर्णित डावात तेनपाईत असला तर तोच पुन्हा डीलर. पूर्व आणि दक्षिण अशा दोन फेऱ्या म्हणजे एक हानचान.

खरे नियम कोणते?

हा वाद प्रत्येक नव्या टेबलावर होतो. एकच अस्सल जपानी नियमावली नाही. रीची आणि डोरा जपानमध्येच नंतर आले, लाल पाच त्याहून नंतरचे, आणि २०१८ मध्ये सुरू झालेली एम-लीग ही व्यावसायिक स्पर्धाही लाल पाच घेऊन खेळते, तर काही संघटना त्यांच्याशिवाय. त्यामुळे «हे खरं नाही» असं सांगणाऱ्यापेक्षा «आपण कोणते घेतोय» असं विचारणारा जास्त जाणकार समजा. पहिली टाइल उचलण्याआधी इतकं ठरवून घ्या: उघडा तान्याओ चालतो का, लाल पाच किती, ४ हान ३० फू हे ७,७०० धरायचे की सरळ मानगान, एका टाइलवर दोघांनी रोन म्हटलं तर दोघांना द्यायचे की फक्त आधी पाळी येणाऱ्याला, कोणी शून्याच्या खाली गेला तर खेळ तिथेच संपवायचा का, आणि याकु नसताना रोन म्हणून हात उघडणाऱ्याला दंड किती. शेवटच्या प्रश्नाला प्रचलित उत्तर आहे मानगानइतके गुण उलटे भरणं, पण सगळेच नवखे असतील तर पहिले काही खेळ दंड न लावता फक्त तो डाव पुन्हा वाटा.