संशोधकहो, लोकांपुढे बोलताना या चुका टाळा

रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागला, म्हणून १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी संशोधन संस्थांचे दरवाजे लोकांना उघडतात आणि समजावून सांगायला बहुतेक वेळा पीएचडीचे विद्यार्थी उभे केले जातात. त्यांना विषय येत असतो, पण डोक्यातला परीक्षक काही जात नाही. समोर आठवीतली मुलं आणि त्यांचे आईवडील असले, तरी उत्तरं परीक्षकालाच दिली जातात. खालच्या बहुतेक चुका तिथूनच येतात.

प्रबंधाच्या क्रमाने बोलणं. ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट चूक. आधी इतिहास, मग पूर्वीचं काम, मग पद्धत आणि शेवटच्या मिनिटात निष्कर्ष. परीक्षकाला हाच क्रम लागतो. लोकांना मात्र आधी कळायला हवं की सापडलं काय, किंवा निदान शोधताय काय.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी घ्या, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण. तिथे रेडिओ खगोलशास्त्राच्या इतिहासापासून सुरुवात केली, तर मुलं मागच्या डिशकडे बघत राहतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मग त्या डिशपासूनच सुरुवात करा: ‘ही ४५ मीटर रुंद आहे. अशा ३० आहेत. काही इथेच जवळजवळ आहेत, काही कित्येक किलोमीटर लांब शेतांमध्ये. सगळ्या मिळून एकाच दुर्बिणीचं काम करतात.’ यावर कोणीतरी ‘इतक्या लांब कशाला?’ असं विचारतंच. डिश जितक्या दूर पसरलेल्या, तितके बारीक तपशील वेगळे दिसतात, हे सांगायची जागा ती. इतिहास सांगायचाच असेल तर त्यानंतर.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. ‘आम्हाला असं दिसलं की…’ या शब्दांनी सुरू होणारं, पंधरा शब्दांच्या आतलं एक वाक्य कागदावर लिहा. ते जमेपर्यंत स्लाइड उघडू नका. मग स्लाइडशिवाय तीन मिनिटं बोला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. आता विभागाबाहेरचा एक माणूस पकडा: लेखा विभागातला, कॅन्टीनमधला, नववीतला भाचा, कोणीही. त्याला ‘समजलं का?’ असं विचारू नका, कारण सगळे हो म्हणतात. ‘मी काय सांगितलं ते तुम्ही सांगा,’ असं म्हणा. तो जिथे अडखळेल किंवा भलतंच सांगेल, तेवढीच जागा दुरुस्त करा. पुढच्या खेपेला माणूस नवा घ्या. एकदा ऐकलेला माणूस तुमच्या चुका आपणहून भरून काढतो. दोन दिवसांची कार्यशाळा करून प्रमाणपत्र घेतलं आणि एकदाही उभं राहून बोललं नाही, तर ते प्रशिक्षण झालंच नाही. चॅटबॉटकडून भाषण लिहून घेणाऱ्यांचंही तेच. कागद गुळगुळीत होतो आणि पहिल्याच प्रश्नाला बोलणारा गडबडतो.

पाया न सांगता टक्केवारी देणं. ही चूक सभागृहापुरती राहत नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे तेव्हाच्या नव्या, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका आधीच्या पिढीच्या गोळ्यांच्या दुप्पट होतो. ‘दुप्पट’ खरंच होतं. पण मूळ धोका साधारण ७,००० बायकांमागे एक इतका होता, तो दोनवर गेला. बातम्यांमध्ये ‘१०० टक्के वाढ’ राहिली आणि पाया गळाला. घाबरून अनेकींनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो! आकडा बरोबर होता, सांगणं घातक ठरलं.

म्हणून टक्के तोंडावर आले की थांबा आणि चार गोष्टी लिहा: किती माणसांमागे, आधी किती, नंतर किती, किती काळात. ‘धोका ३० टक्क्यांनी घटला’ याऐवजी ‘हजार माणसांमागे वर्षाला दहा जण आजारी पडायचे, आता सात’ असं म्हणा. दोन्ही वेळा भाजक तोच ठेवा. एकदा हजार आणि एकदा दहा हजार घेतले की ऐकणारा हरवतो. प्रयोग उंदरांवर झाला असेल, तर ‘उंदीर’ हा शब्द पहिल्याच वाक्यात यायला हवा.

शोधनिबंधातला आलेख जसाच्या तसा चिकटवणं. सहा चौकटींतली एकच ठेवा. आधी आडवा अक्ष सांगा, मग उभा, मग एका ठिपक्याचा अर्थ, आणि त्यानंतरच रेषा. लाल-हिरव्याऐवजी निळा-नारिंगी वापरा. लाल आणि हिरवा वेगळे न दिसणारे लोक प्रेक्षकांत असतात.

जुन्या मराठी फॉन्टमध्ये स्लाइड करणं. दुसऱ्या संगणकावर अक्षरांची रांगोळी होते. युनिकोडमध्येच टाइप करा आणि पीडीएफ प्रत सोबत ठेवा. अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको. त्याहून लहान अक्षरात देवनागरीच्या मात्रा पुसट होतात.

वेळेचा अंदाज मनातल्या मनात करणं. शांतपणे बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. दहा मिनिटांसाठी नऊशे शब्द पुरे. उरलेला वेळ प्रश्न खातात.

‘याचा आम्हाला काय उपयोग?’ या प्रश्नाला घाबरणं. घाबरून कर्करोगावरचं औषध कबूल करू नका. उपयोग असेल तर नेमका सांगा. नसेल तर ‘आज थेट उपयोग नाही, आम्हाला हे जाणून घ्यायचं आहे’ असं सरळ म्हणा आणि काय जाणून घ्यायचं आहे ते सांगा. उत्तर येत नसेल तर प्रश्न वहीत लिहून घ्या, विचारणाऱ्याच्या शिक्षकांचा पत्ता घ्या आणि आठवडाभरात उत्तर पाठवा.