अल्कोहोल इंक पहिल्यांदाच करताय? मग आधी वारा सांभाळायला शिका

अल्कोहोल इंकचं पेंटिंग बघून वाटतं की रंग ओतला आणि झालं, पण यात सगळा खेळ वाऱ्याचा असतो. शाई किती टाकली यापेक्षा ती ओली असताना वारा कुठून आणि किती दिला यावर चित्र ठरतं, आणि हे एकदा हाताला कळलं ना की मग सोडवत नाही.

ही शाई म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळलेला डाय. अल्कोहोल उडून जातं आणि रंग वरच बसतो, म्हणून न शोषणारा पृष्ठभाग लागतो, साधा ड्रॉइंग पेपर चालत नाही. बरेच जण यूपो नावाचा सिंथेटिक पेपर घेतात, पण तो महाग पडतो आणि त्यावरचे गडद रंग पुसले तरी हलका डाग राहतो. त्यामुळे माझं स्पष्ट मत, सुरुवात टाइलवर करा. टाइल्सच्या दुकानात उरलेल्या एक-दोन पांढऱ्या टाइल्स मागा, ग्लॉसीच हव्यात, मॅट नको. चित्र बिघडलं की पुसा, टाइल परत कोरी.

बाकी सामान थोडकंच: दोन जवळचे रंग, म्हणजे निळा-हिरवा किंवा गुलाबी-जांभळा, एक सोनेरी, ड्रॉपर, नायट्राइलचे ग्लोव्हज, कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी ब्लोअर आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला सगळे आयपीए म्हणतात. ७० टक्केवालं घेतलं तर त्यात पाणी बरंच असतं, रंग तसा तलम पसरत नाही. सॅनिटायझर तर नकोच, त्यात ग्लिसरीन असतं.

आता एक गोष्ट मनावर घ्या. आयपीएची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते. त्यामुळे देवापुढचा दिवा, उदबत्ती, गॅस, सगळं बंद, आणि हीट गन अजिबात नको. खिडक्या सताड उघड्या ठेवा, पण डोक्यावरचा पंखा बंद, नाहीतर शाई त्याच्याच मनाने पळते. साध्या कापडी मास्कने वाफ अडत नाही, तेव्हा डोकं जड वाटलं तर सरळ उठून बाहेर जा.

टाइल आधी आयपीएने पुसून घ्या, बोटाचं तेल लागलं असेल तिथे शाई फाटते. मग मध्यभागी ८-१० थेंब आयपीए टाका, छोट्या पुरीएवढं डबकं होईल, आणि त्याच्या कडेला शाईचा एकच थेंब. एकच! ब्लोअर तिरका धरून चार बोटं लांबून हळू दाबा, शाई बाहेर जाऊ द्या, कड सुकायला लागली की उलट बाजूने वारा देऊन तिला आत आणा, परत बाहेर, परत आत. नीट बघा, प्रत्येक फेरीत कडेला एक बारीक गडद रेघ उरते आणि आतला रंग मलमलीसारखा आरपार होतो, अशा तीन-चार रेघा एकापाठोपाठ आल्या की पाकळी दिसायला लागते. वारा थांबवून डबकं तसंच सुकू दिलं तर चहाच्या कपाचा उठतो तसा जाड गोल डाग बसतो. तो आला तरी घाबरू नका, त्यावर आयपीएचे दोन थेंब टाका, रंग परत ओला होतो, परत वारा द्या.

दुसरा रंग पहिला सुकल्यावर, आणि निळ्यावर नारिंगी नको, चिखल होतो. सोनेरी बाटली चांगली हलवा कारण त्यातली धातूची पूड तळाशी बसते, मग एक थेंब कडेला, तो वाऱ्याबरोबर जरीच्या काठासारखा धावतो. आणि पांढरी जागा सोडा हो, सगळी टाइल भरायचा मोह होतो पण रंगाला श्वास त्या कोऱ्या जागेतूनच मिळतो.

पावसाळ्यात एक अडचण येते. अल्कोहोल उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग दुधाळ दिसतो. अशा दिवशी काम पुढे ढकललेलं बरं.

चित्र निदान एक दिवस सुकू द्या, पण सुकलं म्हणजे पक्कं झालं असं नाही. माझी एक तयार टाइल मैत्रिणीने नुकतंच सॅनिटायझर लावलेल्या हाताने उचलली आणि निळ्या कोपऱ्यात तिच्या अंगठ्याचा ठसा पांढराशुभ्र उमटला. म्हणून वर वार्निश हवंच, ब्रशने लावायचं नाही, रंग ओढला जातो. स्प्रेवालं घ्या, आधी एका खराब तुकड्यावर मारून बघा, मग गच्चीत जाऊन फूटभर लांबून दोन-तीन पातळ हात, मधे सुकू देत. डाय उन्हात फिका पडतो, तेव्हा यूव्हीपासून वाचवणारा स्प्रे मिळाला तर शेवटचा हात त्याचा द्या, आणि तरीसुद्धा टाइल खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका.