शर्यतीचा निकाल जोखताना जॉकीबाबत होणाऱ्या या चुका टाळा

घोड्यांच्या शर्यतीत फेव्हरिट (ज्याच्यावर सर्वाधिक पैसे लागलेले असतात तो) घोडा हरला की स्टँडमधला पहिला राग जॉकीवर, म्हणजे त्याच्या स्वारावर निघतो, आणि तोही शेवटच्या दोनशे मीटरांत जे दिसले तेवढ्यावरून. वास्तविक जॉकीची खरी चूक बहुतेकदा शर्यतीच्या पूर्वार्धात, वेगाचा अंदाज बांधताना झालेली असते.

चूक पहिली : शेवटची मुसंडी पाहून निवाडा करणे

1986 च्या इंग्लंडमधील एप्सम डर्बीत जॉकी ग्रेव्हिल स्टार्की याने डान्सिंग ब्रेव्ह या घोड्याला बराच काळ मागे राखले. पुढच्या घोड्यांनी मध्यम वेग ठेवल्यामुळे त्यांच्यात शेवटपर्यंत दम शिल्लक होता; त्यातच टॅटनहॅम कॉर्नर या वळणाच्या उतारावर डान्सिंग ब्रेव्हचा तोल बिघडला. सरळ पट्ट्यात त्याने विलक्षण वेगाने अंतर कापले, तरी शहरस्तानी हा घोडा अर्ध्या लांबीने (एक लांबी म्हणजे एका घोड्याइतके अंतर) जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या आर्क द त्रिओंफ शर्यतीत पॅट एडरीनेही हाच घोडा मागे ठेवून अगदी उशिरा बाहेरच्या बाजूने सोडला आणि ती शर्यत जिंकली. डावपेच तोच असूनही निकाल उलटा लागला, कारण आर्क सुरुवातीपासूनच कडक वेगाने धावली गेली होती आणि पुढचे घोडे शेवटी मंदावले. म्हणून ‘फार मागे ठेवला’ असा ठपका ठेवण्यापूर्वी पहिल्या निम्म्या अंतराची वेळ पाहावी. ती संथ असेल तर ठपका रास्त आहे. कडक असेल, तर मागे राहणे हाच शहाणपणा होता.

चूक दुसरी : आघाडी घेणे म्हणजे घोड्याचा दम आधीच संपवणे, असे समजणे

1985 च्या एप्सम डर्बीत स्टीव्ह कॉथेनने स्लिप अँकरला पुढे काढले आणि सात लांब्यांनी जिंकवले. त्याला आव्हान द्यायला कोणी वेळेवर पुढे आलेच नाही. आघाडीचा घोडा एकटा असेल तर वेग जॉकीच्या हातात राहतो. दोन घोडे आघाडीसाठी भिडले की मात्र गणित बदलते. 1973 च्या अमेरिकेतील बेल्मॉन्ट स्टेक्स शर्यतीत शॅम हा घोडा सेक्रेटेरिएटच्या बरोबरीने सुटला. बारा फर्लांगांच्या (एक फर्लांग म्हणजे सुमारे 200 मीटर) त्या शर्यतीत पहिले सहा फर्लांग 1 मिनिट 10 सेकंदांच्या आत कापले गेले. सेक्रेटेरिएट 31 लांब्यांनी जिंकला आणि शॅम पाच घोड्यांत शेवटचा आला. सेक्रेटेरिएट हा अपवाद होता. त्याच्याकडे पाहून नियम ठरवू नये. रेसकार्ड (धावणाऱ्या घोड्यांची यादी) वाचताना पुढे पळणारे घोडे किती आहेत, हे आधी मोजावे.

चूक तिसरी : हालचाल जास्त म्हणजे मेहनत जास्त, असे मानणे

आखूड रिकिबीत पुढे झुकून बसण्याची पद्धत अमेरिकन जॉकी टॉड स्लोनने 1890 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये गाजवली. त्या सुमारास शर्यतींच्या वेळा सुमारे 5 ते 7 टक्क्यांनी सुधारल्या. 2009 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचे कारण दाखवले : जॉकी गुडघे आणि घोटे वापरून स्वतःचे शरीर जवळपास स्थिर गतीने पुढे जात ठेवतो, त्यामुळे घोड्याला त्याचे वजन पेलावे लागते, पण प्रत्येक ढांगेगणिक ते मागेपुढे, वरखाली ढकलावे लागत नाही. शरीर उचलून आदळणारा, लगामाशी झटणारा जॉकी ही बचत घालवतो. चाबकाचेही तसेच. ब्रिटनमध्ये सपाट (अडथळे नसलेल्या) शर्यतीत सहापेक्षा जास्त फटके मारल्यास कारवाई होते आणि मर्यादा चार फटक्यांनी ओलांडली तर घोडाच बाद ठरतो.

चूक चौथी : एका घोडचुकीवरून जॉकीची पारख करणे

1957 च्या केंटकी डर्बीत जॉकी विली शूमेकर गॅलंट मॅन या घोड्यावर असताना विनिंग पोस्ट (शर्यत संपते तो खांब) ओळखण्यात चुकला, क्षणभर रिकिबीत उभा राहिला आणि नाकाच्या अंतराने हरला. त्याला 15 दिवसांची बंदी झाली. पुढच्याच महिन्यात त्याने त्याच घोड्यावर बेल्मॉन्ट आठ लांब्यांनी जिंकली.

चूक पाचवी : बाहेरून धावलेल्या घोड्याचे अंतर न मोजणे

अर्धवर्तुळाकार वळणावर रेलिंगपासून एक मीटर बाहेर धावणाऱ्या घोड्याला सुमारे 3.14 मीटर जास्त कापावे लागतात. तीन मीटर बाहेर असेल तर साडेनऊ मीटरांच्या आसपास, म्हणजे जवळपास चार लांब्या. दोन लांब्यांनी हरलेला असा घोडा कदाचित त्या शर्यतीतला सर्वांत सरस असतो. पण लगेच जॉकीला दोष देऊ नये. पुण्याच्या पावसाळी हंगामात रेलिंगलगतची माती उखडलेली असेल, तर जाणता जॉकी मुद्दाम घट्ट जमीन शोधत बाहेर सरकतो. शिवाय आत राहून पुढे मंदावणाऱ्या घोड्यामागे अडकण्याचा धोका असतोच. त्या दिवशीचा पेनेट्रोमीटरचा (जमीन किती मऊ वा घट्ट हे मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा आणि आधीच्या दोन-तीन शर्यतींत विजेते कोणत्या पट्ट्यातून आले, हे पाहिल्यावरच बाहेरचा मार्ग नाइलाजाचा होता की निवडीचा, हे ठरवता येते.