गरोदरपणातली साखर: चाचणी कशी करून घ्यायची आणि नाश्त्याचा आकडा कसा आवरायचा

माझ्या दोन्ही बाळंतपणांत साखर निघाली. पहिल्या खेपेला सव्विसाव्या आठवड्यात, दुसऱ्या खेपेला तर नाव नोंदवायला गेले तेव्हाच. त्यानंतर धाकटी जाऊ, मावसबहीण आणि नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या सोसायटीतल्या चार-पाच जणी यांच्यासोबत मी लॅबच्या बाकावर बसले आहे, त्यांच्या आकड्यांच्या वह्या पाहिल्या आहेत. प्रत्येकीला आधी कुणी ना कुणी एकच सांगितलेलं असतं: गोड बंद कर, भात बंद कर, नागली (नाचणी) खा, सगळं ठीक होईल. या सल्ल्यावर विसंबून मी स्वतःचे तीन आठवडे वाया घालवले. म्हणून क्रमाने लिहिते. गोळी की इन्सुलिन हा निर्णय डॉक्टरांचाच, पण त्यांच्यासमोर खरे आकडे घेऊन जाणं आपल्या हातात असतं.

चाचणी

चाचणी दोनदा करायची असते. पहिली नाव नोंदवताना. ती नॉर्मल आली तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, मध्ये किमान ४ आठवडे सोडून. "आमच्याकडे कुणाला शुगर नाही" म्हणून दुसरी टाळू नका. माझ्याही माहेरी तेव्हा कुणाला नव्हती.

सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवून ५ ते १० मिनिटांत पितात आणि २ तासांनी रक्त देतात. उपाशी असण्याची अट नाही. आकडा १४० किंवा जास्त आला की गरोदरपणातला मधुमेह धरतात. काही डॉक्टर वेगळी चाचणी सांगतात: रात्रभर उपाशी राहून तीन नमुने, आणि त्यांच्या मर्यादा उपाशी ९२, ग्लुकोजनंतर एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३. यातली एक जरी गाठली तरी निदान होतं. आपली चाचणी कोणती ते चिठ्ठीवर लिहून घ्या. एका चाचणीची मर्यादा दुसरीला लावून "१५० आहे ना, मग नॉर्मल" असं सांगणारे मी पाहिले आहेत.

ग्लुकोज चमच्याने मोजू नका, वजनाची पुडी घ्या. पिऊन झाल्यावर ३० मिनिटांच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी नव्याने करायची. त्यानंतर झाली तर तशीच पुढे न्यायची. दोन तास बसून राहा, बाजारात फेरी मारू नका. पहिला घोट घेतल्याची वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवा. माझ्या पहिल्या वेळी एका लॅबमध्ये जेवणाची सुट्टी जवळ आली म्हणून दीड तासातच रक्त घेतलं. मला तेव्हा बोलायचं सुचलं नाही. डॉक्टरांनी वेळ विचारली, कपाळाला हात लावला आणि तो सगळा ग्लास मला पुन्हा प्यावा लागला.

लघवीतल्या साखरेवर विश्वास ठेवू नका. गरोदरपणात रक्तातली साखर ठीक असतानाही ती लघवीत उतरू शकते. 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात ती चाचणीही या चाचणीची जागा घेत नाही. या दिवसांत रक्त पातळ होतं, तांबड्या पेशी लवकर बदलतात आणि तो आकडा खोटा कमी दिसू शकतो. खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते, सिव्हिलमध्ये जाऊन विचारा.

मीटर

मीटर घ्या, पट्ट्यांची मुदत बघा, बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा. दिवसातून चारदा: सकाळी उपाशी आणि तिन्ही खाण्यांनंतर २ तासांनी. उपाशी ९५ च्या आत, २ तासांनंतरचा १२० च्या आत हवा. डॉक्टरांनी तासाभराने बघायला सांगितलं असेल तर १४० च्या आत. वेळ पहिल्या घासापासून मोजायची. जेवण अर्धा तास चालतं, ताट उचलल्यापासून मोजलं तर आकडा उगाच चांगला दिसतो.

हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच टोचायचं. फेब्रुवारीत आमच्याकडे पिंपळगावच्या नातेवाइकांकडून द्राक्षांचा क्रेट आला होता. घड निवडून ठेवले आणि तशीच मीटर घेऊन बसले. आकडा २१२. रडूच फुटलं. सासूबाई म्हणाल्या, आधी हात तरी धू. धुतले, दुसरं बोट टोचलं: १०८. बोटावरचा रसच मोजला गेला होता.

नाश्ता

आता खरी अडचण, जिच्याबद्दल कुणी नीट सांगत नाही.

माझ्या पहिल्या आठवड्याच्या वहीत उपाशी ८८, दुपारी ११५, रात्री ११२ आणि नाश्त्यानंतर १६८ असे आकडे होते. रोज हेच. वारेतून (म्हणजे प्लासेंटातून) येणारी हार्मोन्स आईच्या इन्सुलिनचं काम अडवतात, आणि पहाटे शरीर स्वतःची काही हार्मोन्स सोडतं तीही त्याच बाजूने ओढतात. म्हणून जी पोळी दुपारी निभावते तीच सकाळी आकडा चढवते. ही साखर वारेतून बाळाकडे जाते, आपलं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवू लागतं आणि बाळ गरजेपेक्षा मोठं होतं. सकाळचा एकच आकडा तर चुकतोय, असं म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हे ती.

मी नाश्त्याला काय खात होते? नागलीचं सत्त्व, दुधात शिजवलेलं, बिनसाखरेचं. नागली शुगरला चांगली असं सगळे सांगत होते. भाकरीच्या रूपात ती मलाही पुढे चालली. पण सत्त्व म्हणजे भिजवून, वाटून, गाळून चोथा काढलेली नागली. ती पातळ पेज पोटात गेली की लगेच साखर होते, वर दुधाची साखर आहेच. बाजारच्या ओट्सच्या लापशीचं आणि तांदळाच्या पेजेचंही हेच. सकाळी पातळ, शिजवून मऊ केलेलं धान्य खाऊ नका, मग ते कितीही पौष्टिक म्हणून दिलेलं असो.

हे कळायच्या आधी मी मोठी चूक केली. आकडा उतरवायला नाश्ताच जवळजवळ सोडला. बिनसाखरेचा चहा आणि अर्धी पोळी. आकडा ११० वर आला, मला वाटलं जमलं. दोन आठवड्यांत वजन दीड किलोने घटलं, अकराला डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि लघवीत किटोन निघाले, म्हणजे खाणं कमी पडून शरीर चरबी जाळायला लागल्याची खूण. डॉक्टर मला जेवढ्या रागावल्या तेवढ्या साखरेवरूनही रागावल्या नव्हत्या. उपासमार करून आणलेला चांगला आकडा हा चांगला आकडा नसतो. हे मी प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगते, आणि तरी निम्म्या जणी एकदा करून बघतातच. करू नका.

मग एका आठवड्यात मी जे केलं तेच आता सगळ्यांकडून करून घेते. एक नाश्ता ठरवायचा आणि सलग दोन दिवस तोच, तेवढाच, त्याच वेळी खायचा. वहीत आकड्याशेजारी पदार्थ आणि मापही लिहायचं, "पोहे" एवढंच लिहून भागत नाही, "एक वाटी पोहे" असं. तिसऱ्या दिवशी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. माझ्या वहीतलं सांगते: दीड वाटी पोहे, १७१. पाऊण वाटी पोहे, त्यावर वाटीभर मोडाची मटकी आणि एक उकडलेलं अंडं, १२६. मुगाची दोन धिरडी आणि पनीर, ११४. ज्वारीची अर्धी भाकरी, मेथीची भाजी, दोन अंड्यांची भुर्जी, १०७. हे माझे आकडे आहेत. माझ्या जावेला पोहे अजिबात चालले नाहीत, इडली मात्र एक चालली. म्हणून कुणाचा तक्ता उतरवून घेऊ नका, स्वतःचा बनवा.

या सगळ्यात तीन गोष्टी जवळपास प्रत्येकीला लागू पडल्या. सकाळी धान्य अर्धं करून त्याची जागा कडधान्य, अंडं, पनीर किंवा दाण्यांनी भरायची, आणि तेच आधी खायचं. फळ आणि दूध सकाळी नको. ते दुपारनंतर घ्या. द्राक्षं खायचीच असतील तर मूठभर, संध्याकाळी, शेंगदाण्यांसोबत. आणि तिसरी गोष्ट, जिने माझी अकराची अंधारी गेली: नाश्ता दोन भागांत. आठला पहिला भाग, दहाला मीटर, लगेच दहाला दुसरा भाग. मधे काही तोंडात टाकलं तर दहाचा आकडा कशाचा आहे ते कळणार नाही, एवढं मात्र पाळा.

नाश्ता झाल्यावर वीस मिनिटं चालणं याला तोड नाही. डॉक्टरांनी चालायला मना केलेलं नसेल, रक्तस्राव किंवा वार खाली असल्याचं सांगितलेलं नसेल, तर रोज. आम्ही गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जायचो. एप्रिल-मेमध्ये ऊन चढतं तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्येच. वेग बोलता येईल एवढाच. नाश्ता तोच आणि चालणं जोडलं तर माझा आकडा पंधरा-वीसने खाली यायचा.

मिसळीचं विचारतातच, नाशिकमध्ये राहून विचारणार नाहीत का. मटकी तुमच्या बाजूची आहे, पाव आणि फरसाण नाही. एक पाव, फरसाण वेगळं काढून ठेवायचं, मटकी दुप्पट, सोबत दही, आणि रविवारी सकाळी नऊऐवजी दुपारी एकला खायची. मला तशी चालली. साबुदाण्याची खिचडी मात्र मी कुणालाच सांगत नाही. तो निव्वळ पिठूळ पदार्थ आहे. या दिवसांत उपास धरू नका. देवासाठी मन असेल तर दर्शनाला जा.

गूळ, मध, खडीसाखर, खजूर या सगळ्या साखराच आहेत. "गूळ चालतो" हे वाक्य ज्या दिवशी घरातून जाईल तो दिवस चांगला.

औषध लागलं तर

साधारण दोन आठवडे नीट खाऊन, चालूनही आकडे मर्यादेबाहेर राहिले तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन सुरू करतात. उपाशीपोटीचा आकडा तर खाण्याने फारसा हलतच नाही, रात्रीचं जेवण सोडलं तर कधी उलट वाढतो. दुसऱ्या खेपेला माझा रोज १०२-१०४ यायचा आणि रात्रीचं इन्सुलिन लागलं. नातेवाईक म्हणाले, "सुई लागली म्हणजे आयुष्यभराची." चुकीचं आहे. बाळंत झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते बंद झालं. इन्सुलिन बाळापर्यंत पोहोचत नाही, वाढलेली साखर पोहोचते. कशाला घाबरायचं ते यावरून ठरवा.

इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नको. जेवणाआधीचं घेतलं की जेवण टाळायचं नाही. थरथर, घाम आला आणि मीटरवर ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा बघा. ग्लुकोजची पुडी पर्समध्ये असू द्या.

बाळंतपणानंतर

बाळाला पहिल्या तासात पाजा आणि त्याच्या टाचेतून साखर तपासतात ती तपासू द्या. आईच्या पोटात जास्त इन्सुलिन बनवायची सवय लागलेल्या बाळाची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते.

सहा आठवड्यांनी आईची पुन्हा चाचणी असते, ७५ ग्रॅमचीच, आणि या वेळी रात्रभर उपाशी राहून. उपाशी १२६ किंवा जास्त, नाहीतर २ तासांनी २०० किंवा जास्त आलं तर मधुमेह राहिला आहे. २ तासांचा आकडा १४० ते १९९ मध्ये असेल तर उंबरठ्यावर आहात. ही चाचणी सगळ्यात जास्त चुकते, कारण तोवर घरात सगळं बाळाचंच चाललेलं असतं आणि डिंकाचे लाडू संपायचे असतात. बाळाची लसही सहा आठवड्यांनीच असते. दोन्ही एकाच दिवशी ठेवा. सकाळी उपाशीपोटीच बाळाला पाजून निघा, लॅबमध्ये पहिलं रक्त द्या, ग्लुकोज प्या. त्या दोन तासांत बाळाला सांभाळायला आई किंवा सासूबाई सोबत असू द्या. दुसरं रक्त देऊन झालं की तिथेच बसून डबा खा आणि मग लस. नॉर्मल आली तरी पुढे दरवर्षी एकदा. मी ती मोठीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात करते, म्हणजे विसरत नाही.